परातीच्या दोन बाजू: जहाजावरून सुट्टीला आलेले वडील आणि त्यांची लेक

(हे प्रकरण कुटुंबाच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं मुद्दाम टाळली आहेत.)

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं एक गाव. घरात आजी, आई, पावणेचार वर्षांची मुलगी आणि वर्षातले जेमतेम तीन महिने घरी असणारे वडील. वडील मालवाहू जहाजावर चीफ कुक आहेत. वीस-बावीस माणसांचं तिन्ही वेळचं जेवण आणि पहाटेचा ताजा पाव हे त्यांचं काम. कोकणातल्या कितीतरी घरांत हे चित्र ओळखीचं आहे: करार सहा ते नऊ महिन्यांचा, मग सुट्टी, मग पुन्हा साईन ऑन, म्हणजे नव्या करारावर जहाजावर रुजू होणं.

या वेळी ते नऊ महिन्यांनी परतले, ऐन जुलैत. मोठ्या माणसाला नऊ महिने म्हणजे एक करार. पावणेचार वर्षांच्या मुलीला तो आयुष्याचा पाचवा हिस्सा असतो, आणि त्याच्या आधीचं तिला फारसं आठवतही नसतं.

आई गावातल्या पतसंस्थेत कामाला जाते. मुलगी आमच्या बालवाडीत येते. बालवाडीत ती बोलकी आहे, पाण्याशी आणि वाळूशी खेळायला सगळ्यांच्या पुढे. तक्रार घेऊन आई आली ती वडील परतल्यानंतर दोनेक आठवड्यांनी.

अडचण

आईचं पहिलं वाक्य असं होतं: “ताई, हे समोर बसलेले असतात आणि ती माझ्याकडे फोन मागते, बाबांना लाव म्हणते.”

मुलीच्या मनात बाबा फोनमध्ये राहत होता. त्याला हाक मारली की तो हसायचा, गाणं म्हणायचा आणि कंटाळा आला की बंद करता यायचा. घरात आलेला हा उंच माणूस वेगळा होता. तो आईच्या शेजारी बसायचा, आजीच्या ताटातला मासा निवडून द्यायचा, आणि उचलून घ्यायला हात पुढे करायचा. तो हात आला की ती आजीच्या पदरामागे जायची. त्याच्या हातून जेवायची नाही, आंघोळीला जायची नाही. रात्री तो खोलीत आला तर “तू बाहेर झोप” म्हणून रडायची.

वडिलांना हे फार लागलं. त्यांनी बाहुली आणली, बॅटरीवरची गाडी आणली. मुलगी वस्तू घेऊन आजीकडे पळायची. मग ते रागावले नाहीत, पण गप्प झाले आणि दिवसभर दोस्तांबरोबर जेटीवर बसू लागले. माझ्या मते या प्रकरणातली खरी धोक्याची जागा ही होती. मूल लांब राहतं तेव्हा ते काही काळाने जवळ येण्याची शक्यता असते. दोघंही लांब राहू लागले की सुट्टी संपते आणि पुढच्या वेळी तीच गोष्ट आणखी अवघड होऊन समोर येते.

चौकशीत आणखी एक गोष्ट कळली. मागच्या वेळी वडील निघाले ते पहाटे, मुलगी झोपेत असताना. रडारड नको म्हणून आजीनेच तसं सुचवलं होतं. सकाळी उठून मुलीने घरभर शोधलं. आईला ते आठवून आजही कसंसं होतं. म्हणजे मुलगी बाबाला नुसती विसरली नव्हती. हा माणूस न सांगता नाहीसा होतो, एवढं तिने आपल्या परीने शिकून ठेवलं होतं.

कोणते पर्याय होते

आजीचं मत होतं, काही करू नका, होईल हळूहळू. या वयाच्या बऱ्याच मुलांचं तसं होतंही. पण हातात अडीच महिने होते आणि वडील माघार घेत चालले होते.

दुसरा पर्याय वडिलांचा: मुलीला एकटीला घेऊन रत्नागिरीला जायचं, मत्स्यालय दाखवायचं, आईस्क्रीम खायचं. मी याच्या विरोधात होते. जिच्या भरवशाची माणसं घरात आहेत तिला त्यांच्यापासून तोडून दिवसभर अनोळखी वाटणाऱ्या माणसाबरोबर पाठवणं म्हणजे तिची भीती खरी ठरवण्यासारखं होतं.

तिसरा पर्याय रोज थोडा वेळ फक्त खेळण्याचा. तत्त्व चांगलं, पण वडील खेळताना अवघडून जात. भातुकलीत काय बोलावं हे त्यांना सुचत नसे, आणि मग ते प्रश्न विचारत: हा कुठला रंग? हे किती आहेत? मुलगी उठून जाई.

मी त्यांना विचारलं, जहाजावर तुम्हाला सगळ्यात निवांत कधी वाटतं? ते म्हणाले, “पहाटे पीठ मळताना. तेव्हा कोणी बोलत नाही.” तिथे चौथा पर्याय सापडला.

भाजण्याच्या कामात काही गुण असे आहेत की ते या बापलेकीला नेमके लागू पडत होते. दोघांची नजर एकमेकांवर राहत नाही, पिठावर राहते. लाजऱ्या किंवा बिचकलेल्या मुलाला समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसणं कितीतरी सोपं जातं. हात कामात असल्यामुळे स्पर्श आपोआप होतो, तो मागावा लागत नाही. कामाला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे, त्यामुळे मुलाला पुढे काय होणार ते कळतं. शेवटी हाती येणारी वस्तू दुसऱ्याला देता येते. आणि वडील त्या जागी अवघडलेले नसतात.

घरातलं रोजचं काम मुलांच्या हाती देण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा महागड्या साधनांऐवजी मुलांच्या आसपास असलेल्या वस्तूंनाच शिक्षणाची साधनं केलं होतं. परात, चाळण, वाटी ही आमच्याही बालवाडीत रोज वापरात आहेत.

काय भाजायचं, हा निर्णय

वडिलांच्या मनात आयसिंगचा केक होता. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो, कारण पदार्थ चुकला असता तर सगळंच बिनसलं असतं.

केकच्या मिश्रणात अंडं. मुलं बोट चाटणारच, आणि कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. शिवाय श्रावण तोंडावर होता, आजीच्या स्वयंपाकघरात अंडं चाललं नसतं. आणि आयसिंगचं काम मोठ्यांच्या हातचं, मुलीला फक्त बघावं लागलं असतं. पाव करायचा तर यीस्टचं पीठ फुगायला तासभर हवा. ते फुगताना बघणं गमतीचं असतं, पण चार वर्षांच्या मुलाच्या पहिल्या अनुभवासाठी ती वाट लांबची.

म्हणून नानकटाई ठरली. कोकणात आणि घाटावरही मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि भट्टीतून डबाभर नानकटाई भाजून आणायची ही रीत आजीच्या पिढीला चांगली ठाऊक आहे, त्यामुळे तिचाही विरोध मावळला. माप वाटीचं: एक वाटी थिजलेलं तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, वेलची, चिमूटभर सोडा. अंडं नाही. गोळा लहान तळहातात मावतो, वाकडा झाला तरी नानकटाईच होते. ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आधी दहा मिनिटं तापवून १८० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटांत काम होतं.

एक पथ्य मी आग्रहाने सांगितलं: कच्चं पीठ चाखायचं नाही. मैदा निरुपद्रवी दिसतो, पण तो कच्चाच असतो आणि त्यात ई. कोलायसारखे जंतू असू शकतात. मात्र मुलाला नुसतं “नको, नको” म्हणत राहिलं तर कामाचा आनंद जातो. म्हणून एका वाटीत वेलची घातलेली पिठीसाखर वेगळी ठेवायची. चाखायचं ते तिच्यातून.

काय घडलं

पहिला प्रयत्न फसला. वडिलांनी सवयीप्रमाणे ओट्यावर सगळं मांडलं, झपाझप तूप फेसलं, पीठ मळलं, एकसारखे गोळे केले. मुलीला स्टुलावर उभं करून “बघ हं” म्हणाले. तिने दोन मिनिटं बघितलं, उतरली आणि निघून गेली. नानकटाई उत्तम झाली. मुलीने खाल्ली नाही.

ते आले तेव्हा खट्टू होते. मला मात्र या फसण्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसली: त्यांचं कौशल्यच आड येत होतं. वीस माणसांसाठी वेळेवर पाव काढणाऱ्या हाताला संथ होणं शिकावं लागणार होतं. आम्ही तीन बदल ठरवले.

पहिला, ओटा सोडून जमिनीवर बसायचं. मध्ये परात, एका पाटावर ती, दुसऱ्या पाटावर तो. स्टुलावर उभं राहिलेलं मूल पाहुणं असतं. जमिनीवर बसलं की दोघांची उंची जवळजवळ सारखी होते, आणि हवं तेव्हा उठून जाण्याची मोकळीकही मुलाला राहते.

दुसरा, बोलण्याची पद्धत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात आईवडील आणि मुलांसाठी जी उपचारपद्धती उभी केली तिच्या पहिल्या टप्प्यात पालकांना हेच शिकवतात: मूल पुढे, आपण मागे. हुकूम, प्रश्न आणि टीका बाजूला ठेवायची. मूल जे करतंय ते साध्या शब्दांत बोलून दाखवायचं, ते जे म्हणालं ते आपण परत म्हणायचं, कौतुक करायचं तर नेमकं करायचं. आम्ही उपचार करत नव्हतो, पण हे तत्त्व घेतलं. “किती वाट्या झाल्या?” याऐवजी “तू दुसरी वाटी ओतलीस”. “छान” याऐवजी “कडेचं सगळं पीठ तू मध्ये आणलंस”. वडिलांना सुरुवातीला हे कृत्रिम वाटलं. मी म्हटलं, मग कमी बोला, गप्प राहिलात तरी चालेल.

तिसरा बदल आजीबाबत, आणि तो नाजूक होता. आजी प्रेमळ, पण पीठ सांडलं की तिचा जीव वरखाली व्हायचा. “अगो सांडशील!”, “बाबू, तिच्या हातात कशाला देतोस!” असं दारातून चालायचं. तिला दूर बसायला सांगणं वडिलांना जमेना. शेवटी आईने मार्ग काढला. नानकटाई झाल्यावर ती आधी देवापुढे आणि मग आजीपुढे येईल, चव आजी सांगेल, तोवर आजीने माजघरात थांबायचं. मानाचं काम मिळालं, आणि आजी थांबली.

त्यानंतर दर रविवारी दुपारी परात बसू लागली. पहिल्या एक-दोन वेळा आई परातीशेजारीच होती. मग ती दारापर्यंत सरकली, मग हाकेच्या अंतरावर गेली. हे सरकणं मुलीच्या तब्येतीने झालं. ती आईला शोधू लागली की आई परत आत यायची.

तूप फेसण्याचं काम परातीत तळहाताने गोल गोल करायचं असतं. पावसाळ्यातल्या दमट उकाड्यात तूप लगेच पातळ होतं, म्हणून ते फ्रीजमधून काढून घेत. थंडगार तुपाचा तो स्पर्श मुलीला फार आवडला. एका बाजूने तिचा हात, दुसऱ्या बाजूने बाबाचा. मध्ये हात एकमेकांना लागायचे. आधी ती हात काढून घ्यायची. मग काढेनाशी झाली. मग मुद्दाम धडकवू लागली. वडिलांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

ओटीजीपुढे रांगोळीची रेघ होती, तिच्या अलीकडेच मुलीने बसायचं. ओटीजीची काच आणि वरचा पत्रा चांगलाच तापतो. भाजलं तर टूथपेस्ट, हळद, बर्फ काही न लावता वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं हे मी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. वेळ आली नाही.

लाईट गेली तो दिवस

ऑगस्टमधल्या एका रविवारी नानकटाई आत घालून पाचेक मिनिटं झाली आणि लाईट गेली. मुसळधार पाऊस, दुपारीच काळोख. मुलगी ओरडली, “बाबा, बॅटरी आण!”

तोवर ती त्यांना थेट हाक मारत नव्हती. काही हवं असलं तर “त्याला सांग” असं आईमार्फत चालायचं.

वडिलांनी इथे जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटलं. त्यांनी त्या हाकेचा गाजावाजा केला नाही, जवळ ओढून पापे घेतले नाहीत. “बॅटरी आणतो” म्हणाले आणि आणली. मग कामाचा प्रश्न दोघांपुढे ठेवला: आता नानकटाईचं काय करायचं? मोठ्या कढईत मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून, झाकण घालून कढई गॅसवर तापवली. ती तापेपर्यंत बॅटरी धरायचं काम मुलीचं. पहिला अर्धा कच्चा घाणा मंद आचेवर पुरा भाजला. तो खालून जरा जास्तच लाल झाला आणि गरम असतानाच उचलल्यामुळे तुटला. नानकटाई भट्टीतून काढताना मऊच असते, गार होताना खुटखुटीत होते. मुलीने तुकडे डब्यात भरले आणि आजीला सांगितलं, “आम्ही केलं.”

गणपतीनंतर आजीने स्वतःहून विषय काढला: धोंडस करू या. पावसाळ्यातलं मोठं तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसून, तुपात भाजलेला रवा, गूळ, ओलं खोबरं घालून शिजवायचं आणि मग जाड बुडाच्या पातेल्यात खाली-वर निखारे ठेवून भाजायचं. ओव्हन येण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणातल्या घरांत भाजला जाणारा हा केकच. वडिलांनी तो लहानपणी खाल्ला होता, केला कधी नव्हता. त्या दिवशी आजी शिकवत होती, वडील शिकत होते, आणि मुलगी वडिलांना दाखवत होती की गूळ कसा कुस्करायचा. वडिलांना न येणारी गोष्ट तिने पाहिली, हे मला या सगळ्या महिन्यांतलं सर्वात मोलाचं वाटतं.

निघण्याचा निर्णय

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वडिलांना निघायचं होतं. आजीचं म्हणणं पुन्हा तेच, झोपेत जा. आई ठाम राहिली: या वेळी सांगून जायचं.

दहा दिवस आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत निघण्याच्या दिवसाभोवती गोल काढला. आदल्या रविवारी दोघांनी दुप्पट नानकटाई केली आणि दोन डबे भरले, एक जहाजासाठी, एक घरासाठी. बाबा कुठे जातो हे नकाशावर दाखवण्यापेक्षा तिथे तो काय करतो हे सांगितलं: पहाटे उठून पीठ मळतो, असंच. निघताना मुलगी मोठमोठ्याने रडली. वडीलही रडले. कोणी तिला गप्प केलं नाही.

निष्पत्ती

नंतरचे काही दिवस ती फोनवर यायला तयार नव्हती. आई घाबरली. मी म्हटलं, ती रागावली आहे आणि राग ओळखीच्या माणसावरच येतो, थांबा. आठवड्याभराने तिने फोन घेतला आणि विचारलं, डबा संपला का.

आता जहाजावर नेट मिळेल त्या रविवारी आई परात मांडते आणि फोन डब्याला टेकवून ठेवते. वडील पलीकडे आपलं पीठ मळत असतात. कधी नेट तुटतं, कधी त्यांची ड्युटी असते, तेव्हा होत नाही. “फोनमधला बाबा” आणि “घरातला बाबा” एकच आहे, एवढं मुलीच्या बोलण्यावरून आता स्पष्ट दिसतं.

सगळं जुळून आलं असं मात्र मी म्हणणार नाही. रात्री झोपताना तिला शेवटपर्यंत आजीच लागली. आंघोळ वडिलांच्या हातून एकदाही झाली नाही. आजारी असताना ती त्यांच्याकडे गेली नाही. जवळीक परातीपाशी सुरू झाली आणि तिथून जेवणापर्यंत, अंगणापर्यंत आली, पण घराच्या सगळ्या खोल्यांत पोचायला अडीच महिने अपुरे होते.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात उशिरा झाली. वडील परतण्याच्या महिनाभर आधीपासून फोनवरच पीठ मळणं दाखवलं असतं, तर घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात परात मांडता आली असती आणि भेटवस्तूंचे ते दोन आठवडे वाचले असते.

रविवारची दुपार हा दिवस सोयीचा होता, पण आठवड्यातून एकदाच हे अंतर मोठं होतं. रोज भाजणं शक्य नाही, शक्य असलं तरी इतकी साखर आणि मैदा या वयाला योग्य नाही. मधल्या दिवशी भाकरीचं पीठ, शेंगा सोलणं, भाजी निवडणं अशी कामं त्याच परातीत करता आली असती. आई हे आता करते आहे.

आजीला सुरुवातीलाच बाहेर बसवण्याऐवजी धोंडसापासूनच सुरुवात करावी का, यावर आई आणि मी आजही वेगवेगळं बोलतो. आईला वाटतं, आजी गुरू असती तर तिचा विरोध पहिल्याच दिवशी गळला असता. माझं मत असं की तवशाचा हंगाम, निखारे, शिजवण्याचा वेळ हे सगळं पहिल्या दिवसासाठी जास्त होतं, आणि आजी मध्ये असती तर मुलगी तिच्याकडेच वळली असती.

पुढची सुट्टी साधारण उन्हाळ्यात असेल. घरच्यांनी ठरवलं आहे की वडील आल्यावर पहिल्या दिवशी कोणी मुलीला त्यांच्या मांडीवर बसवणार नाही. परात मांडायची, तूप काढायचं, आणि ती कधी येऊन बसते ते तिच्यावर सोडायचं.